लहान गाडी, खरा धूर

मोठ्या मोटारीचे टायर घासून धूर काढायला फारशी अक्कल लागत नाही. मागच्या चाकांना ताकद देणारे दणकट इंजिन, पुढची चाके धरून ठेवणारा ब्रेक आणि टायरचा जोड वाया घालवायची मालकाची तयारी, एवढे असले की पांढरा लोट उठतो. तीच गाडी दहापट लहान करून रिमोटवर चालवा आणि तोच प्रयोग करून पाहा. मोटर किंचाळते, चाके दिसेनाशी होईपर्यंत फिरतात, गाडी जागच्या जागी गिरकी घेते, कोब्यावर काळे ओरखडे उठतात. धुराचा मात्र पत्ता नसतो. पैसे खर्चून आणखी मोठी मोटर बसवली, तरी बहुतेक वेळा टायरच फाटतो किंवा गिअरचे दात जातात. हे पुस्तक त्या न निघणाऱ्या धुराची कारणे सांगते आणि तो खरोखर काढणारी गाडी कशी बांधायची ते दाखवते. विषय लहान वाटेल. पण त्याचा माग काढत गेलो की भूमिती, घर्षण, रबर, लोखंड, वीज आणि रेडिओ या सगळ्यांच्या दारात उभे राहावे लागते, आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी ओळख करून देतो. जत्रेत मिळणारी रिमोटची गाडी आणि छंदाची आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलची, गाडी यांत मोठा फरक आहे. जत्रेतली गाडी बिघडली की फेकायची. आरसी गाडीचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, बदलता येतो आणि हाताने नवा करता येतो. तिच्यात सहा मुख्य गोष्टी असतात. हातातला ट्रान्समीटर हुकूम पाठवतो, गाडीतला रिसीव्हर तो घेतो, सर्व्हो पुढची चाके वळवतो, इएससी म्हणजे वेगनियंत्रक मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो, मोटर ती वीज फिरण्यात बदलते आणि बॅटरी सगळ्यांना पोसते. बाकी चासी, गिअर, शाफ्ट, बेअरिंग आणि टायर. मोठ्या मोटारीत जे जे असते ते बहुतेक सगळे इथे तळहातावर मावते, आणि बिघडले तर कोणता भाग का बिघडला हे डोळ्यांनी दिसते.

या छंदाची पाळेमुळे सव्वाशे वर्षे मागे जातात. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी तारेशिवाय चालणारी छोटी बोट लोकांसमोर चालवून दाखवली. रेडिओलहरींवर दुरून यंत्र हाकता येते, हे तेव्हा पाहणाऱ्यांना खरे वाटत नव्हते. गाड्यांची पाळी यायला मात्र ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. सुटे भाग पुरेसे लहान आणि हलके झाल्यावर १९६० च्या दशकात युरोपात रेडिओच्या गाड्या विकायला आल्या. घराघरांत हा छंद नेला तो जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने. तिची १:१२ प्रमाणातली पोर्श ९३४ ही १९७६ ची. ती मुळात कपाटात ठेवायच्या मॉडेलसारखी देखणी होती आणि वर चालतही होती. १९८४ साली तामियाची हॉर्नेट आणि अमेरिकेतल्या असोसिएटेड इलेक्ट्रिक्सची आरसी१० आली. हॉर्नेट अनेक मुलांच्या हातातली पहिली गाडी ठरली आणि आरसी१० ने शर्यतीची गाडी कशी असावी याचा पायंडा पाडला.

त्यानंतरचे तीन बदल आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. पहिला बॅटरीचा. पूर्वी निकेल-कॅडमियमचे सहा सेल जोडून ७.२ व्होल्ट मिळत, आणि जोरात वीज मागितली की ते धापा टाकत. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एकच सेल ३.७ व्होल्ट देतो आणि वजनाच्या मानाने कितीतरी जास्त प्रवाह सोडतो. दुसरा बदल मोटरचा. कार्बन ब्रश घासून चालणाऱ्या मोटरची जागा ब्रशलेस मोटरने घेतली. तिच्यात झिजणारा भाग जवळजवळ फक्त बेअरिंगचा. तिसरा रेडिओचा. २७ मेगाहर्ट्झच्या काळात दोघांची क्रिस्टल एकसारखी निघाली की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमाने पळायची. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखतात. भारत सरकारने २००५ साली या पट्ट्यातली कमी ताकदीची उपकरणे परवान्याशिवाय वापरायला मुभा दिली, तेव्हापासून आपल्याकडचा मार्गही मोकळा झाला. या तीन बदलांमुळे जोर आणि नेम दोन्ही सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. लहान गाडीतून धूर काढण्याची भाषा त्यानंतरच सुरू होऊ शकली.

आज आरसीच्या जगात अनेक घराणी आहेत. शर्यतवाल्यांचा सगळा जीव पकडीत असतो. टायर घसरला म्हणजे वेळ गेला, असे ते मानतात. ड्रिफ्टवाल्यांचे उलटे. त्यांना नेमके, मापात आणि तोऱ्यात घसरायचे असते. त्यासाठी ते गुळगुळीत कडक प्लास्टिकचे टायर लावतात, काही जण तर पीव्हीसी पाइपच्या कड्या कापून चाकावर चढवत. क्रॉलरवाले ताशी दोन-चार किलोमीटरच्या वेगाने दगडांवरून गाडी चढवण्यात रमतात. वेगवाले सरळ रस्त्यावर आकडा गाठायला झटतात. ड्रॅगवाल्यांना थोड्याच अंतरात सुटायचे असते. बर्नआउटवाले यांतले सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हट्टी घराणे. गाडी पुढे न्यायची नाही, जागेवर धरायची, आणि टायर धुरात विरघळवायचा. बाकीच्या घराण्यांत घसरणे हा दोष किंवा साधन असते. इथे तेच साध्य आहे.

ही हौस मोठ्या गाड्यांकडून आली, आणि मोठ्या गाड्यांत ती गरजेतून आली. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ साली ड्रॅग शर्यतींची एनएचआरए ही संस्था उभी केली. या शर्यतीत सुटण्याआधी चालक मागचे टायर ओल्या जागेवर फिरवून तापवतात, कारण तापलेले रबर रस्त्याला चिकटून धरते. पुढची चाके धरून ठेवायला लाइन-लॉक नावाची सोय असते: पुढच्या ब्रेकचा दाब एक झडप अडकवून ठेवते आणि मागची चाके मोकळी फिरतात. प्रेक्षकांना शर्यतीइतकाच धूर आवडू लागला. ऑस्ट्रेलियात तर कॅनबेरामध्ये १९८८ पासून भरणाऱ्या समरनॅट्स या मोटारींच्या मेळ्यात बर्नआउट ही स्वतंत्र स्पर्धाच होऊन बसली. धूर किती, किती वेळ, गाडीवर ताबा कसा, यावर तिथे निकाल लागतो. आरसीवाल्यांनी हे पाहिले आणि आपल्या गाडीतून तसा धूर काढायला गेले. इथेच घोडे पेंड खाऊ लागले.

त्याचे कारण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. वस्तू लहान केली की तिची लांबी, पृष्ठभाग आणि वजन एकाच मापाने कमी होत नाहीत. १,४०० किलोची मोटार १:१० प्रमाणात हुबेहूब उतरवली तर लांबी दहावा हिस्सा होते, टायर जमिनीला टेकतो ती जागा शंभरावा हिस्सा होते आणि वजन हजारावा हिस्सा, म्हणजे १.४ किलो. जागा शंभरपट घटली आणि वजन हजारपट, म्हणून टायरखालचा दाब मूळ गाडीच्या एकदशांशच उरतो. लहान गाडीचा टायर जमिनीवर दाबलाच जात नाही. तो नुसता वरवर घासतो.

आता हिशेब मांडू. घासण्यातून निघणारी उष्णता टायरवरचा भार, घर्षणांक आणि घासण्याचा वेग यांच्या गुणाकाराइतकी असते. अडीच किलोची आरसी गाडी घ्या. त्यातला दीड किलो भार मागच्या दोन चाकांवर आहे. घर्षणांक ०.८ धरला तर घर्षणाचे बल सुमारे १२ न्यूटन येते. ३,३०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,३०० फेरे मारणारी, मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर भाराशिवाय मिनिटाला साधारण ३६,६०० फेरे मारते. ८:१ गिअरनंतर चाकाला सुमारे ४,६०० फेरे मिळतात, आणि ६५ मिलिमीटर व्यासाचा टायर सेकंदाला साडेपंधरा मीटर वेगाने घासतो. गुणाकार करा: सुमारे १८५ वॅट. घरातली साधी इस्त्री हजार वॅटची असते; म्हणजे इस्त्रीच्या पाचव्या हिश्शाहून कमी उष्णता, आणि तीही दोन टायरांत वाटलेली. मोठ्या मोटारीत ७०० किलो भार मागे असेल आणि चाके त्याच वेगाने घासत असतील तर हाच आकडा ८५ किलोवॅटच्या पुढे जातो. साडेचारशेपट उष्णता, शंभरपट जागेवर. शिवाय लहान टायर भराभर थंडही होतो. त्याचा प्रत्येक तुकडा फेऱ्यातला थोडाच वेळ जमिनीला लागतो आणि बाकीचा वेळ हवा खातो.

म्हणून नुसती मोठी मोटर बसवून धूर निघत नाही. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. धूर भारातून निघतो. वेग त्याला साथ देतो, पण भार नसेल तर वेगाने टायर फक्त झिजतो. एकदा हे पटले की गाडीची बांधणी आपोआप एका क्रमाने उलगडत जाते. मागच्या आसावर भार वाढवायचा. बिडाची घनता घनसेंटीमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, म्हणून १० बाय ७ बाय २ सेंटीमीटरचा बिडाचा तुकडा जवळजवळ नेमका एक किलो भरतो आणि मागच्या आसाच्या वर सहज बसतो. भार वाढला की मूळ गाडीतला प्लास्टिकचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, टिकत नाही. तो पोलादी करावा लागतो आणि लॉकही करावा लागतो, नाहीतर एकच चाक फिरत राहते. बारीक आस वाकतो, म्हणून इएन८ पोलादाचा जाड आस लेथवर काढून घ्यायचा. आस जाड झाला की बेअरिंग बदलते, बेअरिंग बदलले की त्याचे घर बदलते. गाडी जागेवर राहावी म्हणून पुढची चाके धरायला ब्रेक हवा. तो वेगळ्या सर्व्होने चालवायचा आणि ट्रान्समीटरच्या तिसऱ्या चॅनेलवर घ्यायचा. मागच्या चाकांवरचा भार दुप्पट केला तर टायरपाशी ३७० वॅट लागतात. वाटेतली गळती धरली तर बॅटरीतून ५०० वॅट, म्हणजे ११.१ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी या मागणीला सहा-सात मिनिटे पुरते. एक निर्णय दुसऱ्याला कसा जन्म देतो, हे कागदावर शिकवणे फार कठीण आहे. ही गाडी बांधताना ते आपोआप कळते.

टायरची गोष्ट याहून बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरसी गाडीच्या टायरमध्ये बहुधा दाबाची हवा नसते. आत स्पंजाची कडी असते आणि टायर रिमला सुपरग्लूने चिकटवलेला असतो. मिनिटाला ४,६०० फेऱ्यांवर ६५ मिलिमीटरच्या टायरच्या कडेचे एक ग्रॅम रबर पाऊण किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढले जाते. मग टायर मधोमध फुगतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि जमिनीला फक्त बारीक पट्टी लागते. ती पट्टी तापते, गुळगुळीत होते, आणि मग तिच्यातून चुऱ्याच्या बारीक वळ्या निघू लागतात. हे टाळायला टायर उलटा करून त्याच्या आतल्या बाजूने दोऱ्याची चिकटपट्टी एका ताणात गुंडाळतात. पट्टीच्या कडांवर सुरकुती राहिली तर टायर थरथरतो. एक वेढा कमी पडला तर त्या जागी गाठ येते. चिकटवण्याआधी रिमचा आणि टायरचा ओठ स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो, कारण साच्यातून निघालेल्या टायरवर तेलाचा पातळ थर असतो आणि तापल्यावर जोड नेमका तिथे सुटतो. हे सगळे नीट जमलेली गाडी कोब्यावर धरली की आधी आवाज बदलतो. किरकिर थांबून एकसुरी घरघर लागते. मग रबराचा उग्र वास येतो, टायरच्या मागे एक निळसर धागा दिसतो, आणि काही क्षणांत तो पांढरा आणि दाट होतो. टायर पेटलेला नसतो. रबरात मिसळलेली तेले आणि रबराचे सुटलेले अंश तापून वाफ होतात आणि बाहेरच्या थंड हवेत त्यांचे बारीक थेंब बनतात. आपल्याला दिसतो तो हा थेंबांचा ढग.

धुराबाबत या घराण्यात तीन पंथ आहेत आणि त्यांचे वाद जुने आहेत. पहिला पंथ फक्त रबराचा धूर मानतो. दुसरा टायरवर तेलाचे दोन-चार थेंब सोडतो. तेल लवकर वाफाळते आणि थोड्या उष्णतेत भरपूर धूर देते, पण पकड जाते आणि जमीन निसरडी होते. तिसरा पंथ गाडीच्या पोटात तापणारी तार आणि ग्लिसरिनचा द्राव बसवून चाकांपाशी वाफ सोडतो. फोटोत तिसरा पंथ सगळ्यांत देखणा दिसतो. माझा कौल पहिल्या पंथाला आहे, आणि त्याचे कारण सौंदर्याचे नाही. वाफेच्या यंत्राला गाडी कशी बांधली आहे याच्याशी देणेघेणे नसते; वाईट बांधलेल्या गाडीतूनही ते तितकाच धूर काढते. रबराचा धूर मात्र भार, गिअर, टायर, बॅटरी आणि जमीन या पाचांचा हिशेब जुळल्याशिवाय निघतच नाही. शिकण्याच्या दृष्टीने त्याला पर्याय नाही.

हे पुस्तक उचगावात लिहिले गेले, ही गोष्टही विषयाला धरून आहे. कोल्हापूर शहराला लागून असलेले हे करवीर तालुक्यातले गाव पुणे-बेंगळूरु महामार्गाच्या कडेला आहे. घाटगे पाटील इंडस्ट्रीज हा वाहनांच्या कास्टिंगचा कारखाना इथलाच. उत्तरेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगावची, आणि शहरात शिवाजी उद्यमनगर. या पट्ट्यात बीड ओतणारी फौंड्री, पॅटर्न करणारा सुतार, लेथवर जॉब घेणारा टर्नर आणि गिअर कापणारा कारागीर सायकलवरून गाठता येतात. हे एका दिवसात घडलेले नाही. ऊस गाळायला आणि विहिरीचे पाणी उपसायला यंत्रे हवी होती. ती परदेशातून आली, बिघडली, आणि इथल्या मिस्त्रींनी ती खोलून दुरुस्त करता करता तशीच घडवायला सुरुवात केली. वाय. पी. पोवार आणि म्हादबा मिस्त्री यांची नावे कोल्हापूरचे उद्योजक आजही आदराने घेतात ती याच कारणाने. याच कोल्हापुरातल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर चित्रीकरण करून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. परदेशी वस्तू आधी खोलायची, समजून घ्यायची आणि मग आपल्या हाताने करायची, ही इथली जुनी रीत आहे. आरसी गाडीचा जाड आस किंवा बिडाचे वजन उद्यमनगरात करून घेणारा पोरगा त्याच रीतीने चालला आहे.

मोटारींच्या शर्यतीचे वेडही कोल्हापूरला नवे नाही. जिल्ह्यातल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि इथली मुले देशाच्या शर्यतींत उतरतात. पण कार्टिंगचा खर्च फार थोड्या घरांना परवडतो. शर्यतीच्या गाडीचे वजन पुढे-मागे कसे वाटायचे, गिअर कोणता घ्यायचा, टायर केव्हा तापतो, या सगळ्याचा अभ्यास लहान गाडीवर त्याच्या एका अंशाएवढ्या पैशांत होतो. म्हणून ही गाडी श्रीमंतांच्या खेळातून सामान्य घरापर्यंत आलेली एक वाट आहे, असे मी मानतो.

आज या विषयाचे महत्त्व वाढण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. कोल्हापूरच्या फौंड्रींनी पिढ्यानपिढ्या इंजिनांचे भाग ओतले. आता रस्त्यावर विजेच्या दुचाकी आणि रिक्षा वाढत आहेत, आणि त्यांच्यात सिलिंडर ब्लॉक नसतो, पिस्टन नसतो. त्यांच्यात असते ती ब्रशलेस जातीची मोटर, तिला चालवणारा कंट्रोलर आणि लिथियमची बॅटरी. हेच तीन भाग आरसी गाडीत आहेत, फक्त लहान मापात. मोटर किती तापली की तिचे चुंबक कमकुवत होऊ लागते, कंट्रोलर स्वतःला वाचवायला वीज कधी तोडतो, बॅटरीचा सेल किती व्होल्टखाली नेऊ नये, गिअर चुकला तर प्रवाह कसा भडकतो, हे प्रश्न दोन्हीकडे एकच आहेत. बर्नआउटची गाडी तर या भागांना त्यांच्या टोकापर्यंत नेते, त्यामुळे त्यांच्या मर्यादा लवकर आणि स्पष्ट कळतात. ज्या घरात वडील इंजिनाचे भाग टर्न करतात, त्या घरातल्या मुलीला किंवा मुलाला उद्याच्या यंत्राची ओळख करून घ्यायला याहून स्वस्त आणि याहून आवडीची शाळा मला दिसत नाही. आयटीआयमध्ये, गोकुळ शिरगावच्या केआयटीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि हायस्कुलांच्या प्रयोगशाळांतही ही गाडी जावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण रस्त्यावरचे आहे. रात्री मोकळ्या रस्त्यावर दुचाकीचे मागचे चाक घासून धूर काढणारी, सायलेन्सर बदलून गल्लीची झोप उडवणारी पोरे प्रत्येक शहरात आहेत. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने विनापरवानगी रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा ठरतो, आणि दंडापेक्षा मोठी किंमत अनेक घरांनी दवाखान्यात मोजली आहे. या पोरांना नुसते रागावून उपयोग होत नाही. यंत्राची ओढ खरी असते. तिला जागा मिळत नाही. अडीच किलोची गाडी बांधायला, मोडायला आणि पुन्हा बांधायला बसलेल्या पोराची तीच ओढ कामाला लागते आणि कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

धोका अगदी नाही असे मात्र समजू नये. रबराचा धूर श्वासात घेण्यासारखा नसतो. त्यात घातक संयुगे असतात. म्हणून बर्नआउट उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन आणि थोडा वेळच करावा. खोलीत, पार्किंगच्या तळघरात किंवा लहान मुलांच्या घोळक्यात कधीही करू नये. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली, टोचली गेली किंवा चुकीच्या चार्जरवर लावली तर पेटते, आणि ती आग विझवणे सोपे नसते. चार्ज करताना तिच्यापाशी माणूस हवा आणि खाली न जळणारी फरशी हवी. फिरत्या टायरचा तुकडा सुटला तर तो डोळ्यांच्या दिशेने येतो, त्यामुळे चष्मा लावल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचे नाही. पुस्तकात या सूचना जिथे लागतील तिथे पुन्हा पुन्हा येतात. त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळल्या नाहीत, कारण वाचक पुस्तक मध्येच उघडून काम सुरू करतो हे मला ठाऊक आहे.

या पुस्तकाची मांडणी एकाच गाडीभोवती आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या १:१० चासीपासून सुरुवात करून ती धूर काढेपर्यंत नेताना प्रत्येक टप्प्यावर आधी हिशेब, मग काम आणि मग मोजणी, हा क्रम ठेवला आहे. मोजणीवर माझा विशेष भर आहे. वजनकाटा, तापमान मोजणारी गन आणि व्होल्टमीटर या तीन साधनांशिवाय पुढचे पान उलटू नये, असेच मी सांगेन. टायर किती तापला, मोटर किती तापली, बॅटरी किती उतरली हे वहीत लिहिले की पुढचा बदल अंदाजाने करावा लागत नाही. नायट्रो इंजिनाच्या, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या, गाड्या या पुस्तकात नाहीत. त्या स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहेत. वाफेच्या यंत्राचा उल्लेख आहे, पण त्याची बांधणी दिलेली नाही. किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या छापून होईपर्यंत बदलतात. कंपन्यांची शिफारसही टाळली आहे; भागाचे माप, पोलादाचा दर्जा आणि व्होल्टेज दिले आहे, म्हणजे वाचक मिळेल त्या वस्तूतून काम भागवू शकेल. जिथे एखादा भाग विकत घेण्यापेक्षा शेजारच्या लेथवर करून घेणे बरे पडते, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे आणि टर्नरला दाखवायला चित्रही दिले आहे.

पुस्तक कोणासाठी आहे, असे विचारले तर आठवीच्या पुढच्या कोणासाठीही, असे उत्तर देईन. गुणाकार, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल पुरे. ज्यांना आरसीतले बरेच कळते, त्यांनी भाराचे आणि टायरचे प्रकरण आधी वाचावे. ज्यांनी कधी स्क्रूड्रायव्हर धरला नाही, त्यांनी मात्र पहिल्या पानापासून क्रमाने यावे.

शेवटी एक विनंती, आणि ती वाचकांपेक्षा आमच्या भागातल्या कारखानदारांना आणि ग्रामपंचायतींना आहे. क्रिकेटला मैदान आहे, कुस्तीला तालीम आहे. या मुलांना चार भिंतींबाहेरचा, रहदारीपासून लांबचा, दहा बाय दहा मीटरचा कोबा मिळाला तरी खूप झाले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या आवारातला एक कोपरा आणि त्यांच्यापाशी उभा राहणारा एक जाणता फिटर द्या. पुढचे काम ही मुले स्वतः करतील.